हवालदारांचं पथ्य

माने हवालदारांना कुणी "तब्येत कशी आहे?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. तो प्रश्न विचारायचा मक्ता त्यांच्याकडं होता. कुपवाडच्या आमच्या कारखान्याच्या फाटकात ते सकाळी पहाऱ्याला उभे असायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो भट्टीवरचा कामगार असो नाहीतर मालकाचा मेहुणा, एकच सवाल टाकायचे, "काय गड्या, अंग काय म्हणतंय?" मेहुण्याच्या वाट्याला 'गड्या' यायचा नाही, एवढाच फरक.

"बरं आहे" हे उत्तर त्यांना चालायचं नाही.

"बरं म्हंजी? जड हाय का हलकं? काल सांजच्याला काय खाल्लंस?"

मागं स्कूटरींची रांग लागायची, भोंगा व्हायचा, पण रात्रीच्या मिसळीचा कबुलीजबाब दिल्याशिवाय सुटका नसे. आमच्या कारखान्यात पंपांचे ओतीव भाग तयार व्हायचे. उष्णता, धूळ, वजन उचलणं यांनी माणसं दमलेली असत आणि दमलेल्या माणसाला कुणी पोटाची चौकशी केली की राग येतो. हवालदारांना शिव्या बसत नसतील असं नाही. पण सगळ्या पाठीमागं. समोर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण साठीला टेकलेला हा माणूस लोखंडाचा गाडा अडकला की खुर्चीवरची टोपी डोक्यावर ठेवून यायचा आणि दोन पोरांना जमलं नाही ते एका खांद्यानं करून जायचा. केबिनमधली खुर्ची होती ती टोपीसाठीच. त्यांना तिच्यावर बसलेलं मी पाहिलं नाही.

उंच, वाळका, शेंगेच्या सालीच्या रंगाचा माणूस. फौजेतून सुटून बरीच वर्षं झाली होती तरी विजारीची घडी मोडलेली नसायची. पहाटे जोर-बैठका, मग विश्रामबागेतल्या खोलीपासून कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाणं, नदीत आंघोळ, परत चालत येणं. जेवणात जोंधळ्याची भाकरी, मटकीची उसळ, कांदा, ताक. मटण खायचे, पण दोन फोडी, आणि त्या इतक्या सावकाश की शेजारच्याला आपण हावरट आहोत असं वाटावं. चहा नाही. गोड तर नाहीच नाही.

काही समजुती मात्र चक्रम होत्या. जगातल्या सगळ्या वातविकारांचं मूळ छताचा पंखा आहे, यावर ते ठाम होते. फ्रीजमधलं पाणी पिणाऱ्याचे गुडघे आधी जातात आणि मग अब्रू. सीताफळानं माणूस विसरभोळा होतो, म्हणून त्यांनी ते आयुष्यात तोंडाला लावलं नव्हतं. मी हसलो तर म्हणाले, "हस. तुला इसरून चालतंय. मला न्हाई चालत."

मी स्टोअरकीपर होतो. तेव्हा पस्तिशीत, आणि पोट पन्नाशीत. दुपारी डबा झाला की डोळ्यांवर झापड यायची, तीनच्या सुमारास छातीत जळजळ, चारला त्यावर उतारा म्हणून चहा आणि भजी, आणि घरी जाताना जिना चढायचा म्हणजे मधल्या पायरीवर कुणीतरी ओळखीचं भेटल्याचं सोंग करून थांबायचं. आमचा प्रॉडक्शन मॅनेजर हा एक विषारी प्राणी होता. भर मीटिंगमध्ये तो म्हणाला, "आपलं स्टोअर आणि आपले स्टोअरकीपर, दोन्ही एकाच मापाची. आत काय आहे ते दोघांनाही माहीत नाही." सगळे हसले. मीसुद्धा हसलो, आणि त्याचाच राग मला जास्त आला.

संध्याकाळी फाटकात हवालदारांनी मला अडवलं. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"राग आला का न्हाई?"

"आला."

"कुटं ठिवलाय?"

मला प्रश्नच कळेना.

"पोटात ठिवलायस," तेच म्हणाले. "चेहऱ्यावर दिसतंय. पोटात ठिवला की पित्त हुतं गड्या. राग पायात उतरीव. उद्या पहाटं ये घाटावर."

मी गेलो. पहिले काही दिवस पाय पायांसारखे राहिलेच नाहीत. मग हळूहळू एक एक गंमत कळू लागली. भाकरी-उसळ खाऊन उठलं की दुपार डोक्यावर बसत नाही. भजी सुटली की चार वाजता छातीत काही पेटत नाही. झोप अशी लागते की बायकोला हलवून बघावं लागतं. मधल्या पायरीवर भेटणारी ओळखीची माणसं भेटेनाशी झाली. आणि खरं सांगायचं तर राग गेला नाही. तो चांगला ताजातवाना झाला. पुढं वर्षभरानं गणपतीच्या वर्गणीसाठी आम्ही मॅनेजरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेलो, तेव्हा तो खालून आमच्याबरोबर चढत होता. मी मुद्दाम बोलत बोलत, वेग न कमी करता चढलो. दुसऱ्या मजल्यावर त्याला कठडा धरावा लागला. मी विचारलं, "काय साहेब, अंग काय म्हणतंय?" इतकं गोड मला कुठल्याही पेढ्यानं लागलं नव्हतं. हवालदारांना सांगितलं तर त्यांनी पाठीवर अशी थाप मारली की खोकला आला.

तोपर्यंत मला वाटायचं की या माणसाला आरोग्याचं वेड आहे. ते तसं नव्हतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि प्रसादाला बुंदी. त्या वर्षी मालक स्वतः द्रोण घेऊन फाटकापर्यंत आले. हवालदारांनी दोन्ही हातांनी द्रोण घेतला, कपाळाला लावला, आणि मालकांची पाठ वळताच माझ्या हातात दिला.

"तू खा."

"प्रसाद आहे, हवालदार. एक दाणा तरी? साखर आहे का तुम्हाला?"

"साखर न्हाई," ते म्हणाले. "शामराव हाय."

मग यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या त्या बंद, शांत कारखान्यात, फाटकाशी उभ्या उभ्या त्यांनी मला सांगितलं. आवाज न चढवता, कवायतीचा हुकूम समजावून द्यावा तसं.

शामराव हा त्यांचा थोरला चुलतभाऊ. गाव कराडच्या बाजूचं, कृष्णाकाठचं. नाव लिहीत नाही, कारण भावकी अजून आहे आणि तीही सीताफळ खात नसावी. हवालदार तेव्हा नुकते फौजेत भरती झालेले, लांब उत्तरेत. वडील नव्हते. आई मळ्यातल्या खोपीत एकटी. शामरावाच्या थोरल्या लेकीचं लग्न निघालं. दारात मांडव पडला, चुलवणं पेटली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मळ्यात म्हातारी गेली.

भावकीत माणूस गेलं की सुतक. सुतकात लग्न नाही. वऱ्हाड निघालेलं, उसाच्या गाड्या भरून पाहुणे येणार. शामरावानं भावकीतली तीन माणसं बोलावली, चौथा स्वतः, आणि कोंबडं आरवायच्या आत म्हातारीला नदीवर नेऊन अग्नी दिला. लेकाला तार नाही. गावात सांगितलं, काकी माहेरी गेलीय. दुपारी अक्षता पडल्या. बुंदीच्या पंगती उठल्या. वरात गेल्यावर मग तार केली.

"साताऱ्याला गाडी बदलली आन् गावात उतरलो तर राख सुदीक न्हाई," हवालदार म्हणाले. "शामराव म्हनला, पिकलं पान हुतं. वऱ्हाड दारात हुतं. पोरीचं लगीन मोडलं असतं. मला म्हनला, बस, बुंदी शिल्लक हाय, खाऊन घे."

"मग?"

"मंग काय. कुऱ्हाड घेतली हुती हातात. मळ्यातली शेजारीण आडवी पडली. म्हनली, फासावर जाशील, आईचं नाव सांगाय कोन ऱ्हाईल? कुऱ्हाड टाकली. चावडीम्होरं सगळ्यांच्या देखत सांगितलं, शामराव, माज्या आईच्या मातीला मी न्हवतो. तुज्या मातीला मी येनार. चालत येनार, खांदा देनार, आन् तवर मी मरत न्हाई."

एवढंच ते पथ्य होतं. आम्ही सगळे कारखान्यात त्यांच्याकडून भाकरी-ताकाचे धडे घेत होतो, आणि तो माणूस जोर काढत होता तो दुसऱ्याच्या तिरडीखाली पाय लटपटू नयेत म्हणून. मला भीती वाटली. त्याचबरोबर, खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. इतका जपून, इतका निर्व्यसनी राग मी पाहिला नव्हता.

त्यांच्या बायकोला, काकूंना, हे पाठ होतं. "मी दोन ताटं वाढते," त्या म्हणायच्या, "पर तिसरा हाय की बसल्याला, शामराव. त्येच्यासंगट जेवत्यात ह्ये." एकदा हवालदार तापानं फणफणले होते. मी बघायला गेलो तर डोळे न उघडता पहिला प्रश्न, "गावाकडनं काय खबर? म्हातारं हाय न्हवं?" आहे म्हटल्यावर उठून बसले आणि पेज मागितली.

शामरावाला साखरेचा विकार जडल्याची बातमी आली, त्या दिवाळीपासून गुळाचं प्रकरण सुरू झालं. हवालदारांनी मला सांगलीच्या गूळबाजारात नेलं. अडतीवर ढेपांच्या थप्प्या लागलेल्या. हे महाशय एकेक ढेप वाजवून, टवका काढून, तो मला चाखायला लावून, उजेडात धरून बघत होते. शेवटी पिवळाधमक, रवाळ असा एक नामी नमुना पसंत पडला. तो माझ्या स्कूटरवर बांधून आम्ही स्टँडवर नेला आणि गावाकडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली केला. "शामराव मान्यांच्या दारात द्या. म्हनावं धाकट्या भावानं धाडलाय. परतेक भाकरीसंगट खावा."

"हवालदार, हा खून आहे," मी म्हणालो.

"खून कसला रं? भाऊबंदकीतला फराळ हाय."

आणि दर दिवाळीला ढेप जात राहिली. गावात हवालदारांचं कौतुक व्हायला लागलं. भाऊ असावा तर असा! हे कौतुक त्यांच्या कानावर आलं की दातांत काहीतरी अडकल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा, पण ढेप चुकली नाही.

दोनेक दिवाळ्यांनंतर गावच्या जत्रेला त्यांनी मला बरोबर नेलं. मला वाटतं, गुळाचा परिणाम बघायला त्यांना साक्षीदार हवा होता. शामराव सोप्यात बसले होते. जाडजूड देह, पायावर सूज, एका अंगठ्याला पट्टी. दोन वाक्यांत त्यांना धाप लागत होती. हवालदार उंबऱ्यात ताठ उभे राहिले आणि ती धाप अगदी मन लावून ऐकू लागले.

"ये यशवंता," शामराव म्हणाले. "बस."

"बसत न्हाई. अंग काय म्हनतंय शामराव?"

"म्हनतंय की, यशवंता आला तर गोठा दाखीव."

काठी टेकत, थांबत थांबत म्हातारा आम्हाला मागच्या गोठ्यात घेऊन गेला. तिथं खिलारी बैलांची जोडी उभी होती. अंग असं तकाकत होतं की हात लावला तर घसरावा.

"बग," शामराव म्हणाले. "तुज्या गुळावर पोसलीत. साऱ्या जत्रंत अशी जोड न्हाई. माशी बसंना अंगावर. म्या एक खडा तोंडात घातला न्हाई, तुझी शपथ. तुला काय वाटलं, मला कळत न्हाई? तू बुंदी का खात न्हाईस ते मला ठावं हाय, आन् गूळ का धाडतुस तेबी ठावं हाय."

मी हवालदारांकडं बघायचं टाळलं. एका बैलानं मान वळवून त्यांचा हात चाटला.

"एक इचारू, शामराव?" हवालदारांचा आवाज पहिल्यांदाच खरखरला. "आई काय म्हनली जाताना? तू हुतास तिथं."

म्हाताऱ्याची मिजास उतरली. त्यानं दावण धरली.

"तुज्या नावानं हाका मारत हुती," तो म्हणाला. "मी म्हनलो, यतुय, निगालाय."

हवालदार वळले आणि बाहेर पडले. परतीच्या गाडीत इस्लामपूर आलं. मग खिडकीकडं बघतच म्हणाले, "खोटं बोलला तिच्याशी. तार न्हाई केली, आन् म्हनला निगालाय." दुसऱ्या दिवसापासून घाटावर ते चालत नव्हते, पळत होते. मला बरोबर येऊ नको म्हणाले. त्या पळण्यात काय होतं ते मला सोसलंही नसतं.

गुळाची ढेप त्यानंतर गेली नाही. पण पथ्य दुप्पट कडक झालं. त्यांना आता धास्ती होती ती म्हाताऱ्याच्या हुशारीची. "मला पोचवून मंग जाईल त्यो," असं ते भाकरी मोडता मोडता म्हणायचे आणि अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवायचे. शामराव मात्र गोड सोडूनही बाकी काही सोडू शकले नव्हते. बसणं सुटलं नाही, दिवसभराचा चहा सुटला नाही, अंगठ्याची जखम चिघळत वर चढली.

वैशाखातल्या एका सकाळी फाटकातला फोन वाजला. शामराव पहाटेच गेले होते. हवालदारांनी फोन ठेवला. केबिनच्या आरशात बघून दाढी केली. बुटांना पॉलिश केलं. मग मला स्टोअरमधून बोलावून म्हणाले, "चल. स्कूटर काड. तू आमच्या भावकीचा न्हाईस, तवा खाऊन घे. मी काय खात न्हाई." काकूंनी भाकरी बांधून दिली होती ती मी फाटकात उभ्या उभ्या खाल्ली. ते बाजूला उभे राहून शीळ घालत होते. त्यांना शीळ येते हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसानंतर ते कुपवाडला परत आले नाहीत, गावीच राहिले. काकू येऊन खोली रिकामी करून गेल्या. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर शेवटचे हवालदार आहेत ते त्या दिवसाचेच.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. अंगणात तिरडी बांधून तयार, वर उन्हासाठी जुन्या कापडाचा मांडव. शामरावांचा मुलगा विलास फौजेत, नाशिकला. पहाटेच पलटणीत फोन केला होता आणि तो निघाला होता. गावात रिवाज असा, की मढं उचलेपर्यंत भावकीतल्या कुठल्याही घरी चूल पेटत नाही. सगळी भावकी सकाळपासून उपाशी, चहासुद्धा नाही. म्हातारे भिंतीला टेकून बसले होते. त्यात संपतराव होते. त्या पहाटे म्हातारीला खांदा दिलेल्यांपैकी एवढे एकच आता उरले होते.

"यशवंता, आलास बरं झालं," संपतराव म्हणाले. "पोरगं नाशकासनं यायचं कवा? ऊन वाडतंय, मढं टिकनार न्हाई. लोकांच्या पोटात कावळं वरडाय लागल्यात. आता ह्या घरातला थोरला तूच. तू सांगशील तसं."

 तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं काय विचारलं जातंय ते. एक शब्द पुरे होता, 'उचला'. फौजेतून धावत येणाऱ्या पोराला राखच मिळाली असती, आणि हिशेब फिटला असता. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. म्हणा, हवालदार. इतकी वर्षं कोरडी भाकरी खाल्लीत ती याच्यासाठीच. म्हणा उचला. मी ओठ घट्ट मिटून उभा होतो.

हवालदार तिरडीपाशी गेले. तोंडावरचं धडपं बाजूला करून त्यांनी शामरावांकडं बराच वेळ बघितलं.

"थांबायचं," ते म्हणाले.

"कवापातूर?"

"पोरगं येईस्तवर."

कुजबुज उठली. कुणी म्हणालं दिवस बुडेल, कुणी म्हणालं वास सुटेल. हवालदारांनी मला कराडला पिटाळलं. मी भुशात बांधलेल्या बर्फाच्या लाद्या घेऊन आलो, त्या त्यांनी स्वतः लावल्या, वर ओली चादर घातली. शेजारच्या आळीत निरोप धाडून लहान पोरांसाठी भाकऱ्या मागवल्या. पोरं जेवली. मग संपतराव उठू लागले.

"तुमी कुटं?" हवालदारांनी विचारलं.

"जरा घरला... मला साखर हाय, यशवंता."

"साखर हाय त्येनं खावं. मी आडवत न्हाई. हितं मांडवात बसून, सगळ्यांच्या देखत खावा."

संपतराव परत बसले. भाकरी समोर आली, पण हात पुढं झाला नाही.

"अंग काय म्हनतंय?"

"पोटात आग पडलीय रं."

"पडू दे," हवालदार म्हणाले. "माजी आई जळत हुती तवा तुमी बुंदी खाल्ली. आज ऱ्हावा उपाशी. आज सगळ्यांनी थांबायचं. कसं थांबत्यात ते बगा. तिच्यासाटी हुईना झालं तुमास्नी."

 हवालदार तिरडीच्या डोक्याशी उभे राहिले. सावली सरकत गेली आणि ते उन्हात आले, तरी हलले नाहीत. भावकीतली तरणी माणसं आधी बसली, मग कलंडली. कुणाचं डोकं धरलं, कुणाला घेरी आली. हा उपाशी माणूस घामानं निथळत, बुटांत ताठ उभा होता. पहाटेचे जोर, घाटावरचं पळणं, ताक-भाकरी, सगळं जणू याच उभ्या राहण्यासाठी अंगात साठवलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती. मी बघत होतो, म्हणून सांगतो. एकेकाला मान टाकताना ते बघत होते, आणि त्यांना बरं वाटत होतं.

दुपार कलल्यावर शामरावांची बायको तांब्या घेऊन आली. "भावजी, आता तरी टेका. घोटभर पानी घ्या."

"वैनी, मी आज बसाय आलो न्हाई."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. "तवा म्या ह्येंच्या पाया पडल्ते," ती हळूच म्हणाली. "तार करा म्हनून." हवालदारांनी तिच्याकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच तांब्या उचलून तिच्या हातात दिला आणि प्यायला लावलं.

दिवस नदीकडं झुकला असताना एक ट्रक वेशीत थांबला आणि विलास धावत आला. वर्दीतच होता, धुळीनं भरलेला. बापाच्या अंगावर पडून तो रडला. त्याला कुणी उठवू लागलं तर हवालदारांनी हातानंच अडवलं. त्याचं रडणं पुरतं होईपर्यंत त्यांनी कुणाला तिरडीला हात लावू दिला नाही.

मग खांदा दिला. पुढचा, उजवा. घरापासून नदीपर्यंत माणसं बदलत होती, त्यांनी खांदा बदलला नाही.

पोरानं अग्नी दिला. ज्वाळा वर चढल्यावर तो वळला आणि हवालदारांच्या पाया पडायला वाकला. "काका, तुमच्यामुळं आबांचं त्वांड दिसलं."

त्यांनी त्याला वाकू दिलं नाही. दोन्ही दंड धरून समोर उभं केलं आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तू पोचलास," ते म्हणाले. "मी न्हवतो पोचलो."

भावकी जेवायला गावाकडं सुटली होती. हवालदारांनी पोराचे दंड सोडले, दोन पावलं मागं गेले आणि चितेसमोर वाळूत खाली बसले. मी उठा म्हणालो, अंधार पडेल म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पूर्ण जळेपर्यंत थांबणार म्हणाले.